शक्तीची पूजा आणि श्रमशक्तीची लूट

आश्विनातील नवरात्रात संध्याकाळी वाराणसीच्या मुन्शी घाटावर उभे राहिले की ध्वनिक्षेपकावरून एक वचन पुन्हा पुन्हा कानी पडते. शक्तीविना शिव म्हणजे शव. प्रवचनकार ते सांगतो आणि लगेच पुस्ती जोडतो : ज्या धर्माने परमेश्वरालाही स्त्रीच्या सामर्थ्यावाचून प्रेत ठरविले, त्या धर्मात स्त्रीमुक्तीची आयात करण्याचे प्रयोजनच काय? श्रोते माना डोलावतात. त्याच पायऱ्यांवर, त्याच दिव्यांच्या उजेडात, पांढऱ्या वस्त्रांतील वृद्ध विधवा पुढे वाटी ठेवून बसलेल्या असतात. बंगाल, बिहार, नेपाळ येथून आलेल्या. क्वचित आपल्या विदर्भातल्याही. त्यांपैकी एकीला प्रस्तुत लेखिकेने विचारले, "आजी, गाव कोणतं?" तिने वर्धेकडचे गाव सांगितले. घरी कोण, या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर असे : "दोन पोरं हायेत, बाई. शेत पोराइच्या नावावर, अन् मी गंगामाईच्या नावावर."

प्रवचनकाराचे तत्त्वज्ञान आणि या आजीचा जमाखर्च एकाच घाटावर सुखाने कसे नांदतात, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखिकेचा व्यवसाय भाषांतराचा. मार्क्सच्या अर्थशास्त्राचा सारा डोलारा ज्या संज्ञेवर उभा आहे ती आपण मराठीत 'श्रमशक्ती' या शब्दाने आणतो. कामगार बाजारात विकतो ती वस्तू म्हणजे त्याची श्रमशक्ती. नवरात्र आले की तोच 'शक्ती' शब्द 'मातृशक्ती', 'नारीशक्ती', 'आदिशक्ती' होऊन फलकांवर झळकू लागतो. हा निव्वळ शब्दांचा योगायोग आहे, असे प्रथम वाटते. विचारान्ती ध्यानात येते की देवीच्या ठायी जी पूजिली जाते ती स्त्रीचीच श्रमाची आणि सर्जनाची शक्ती होय. ती तिच्या हातून काढून घेतली गेली, मूर्तीत स्थापन केली गेली आणि मग तिलाच तिच्यापुढे हात जोडावयास सांगण्यात आले. पूजा ही या व्यवहाराची पावती आहे.

घाट कोणाचा, पैसा कोणाचा?

मुन्शी घाट आम्हा मराठी भाषकांना परका नाही. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील मंत्री श्रीधर मुन्शी यांनी १८१२ मध्ये येथे भव्य वाडा उभारला. त्यांच्यावरूनच घाटाला हे नाव पडले. प्रवासवर्णनांतून या वाड्याचे कौतुक 'मराठ्यांची धर्मनिष्ठा' म्हणून केले जाते. वाड्याचे दगड कोठून आले याची चर्चा असते. पैसा कोठून आला याची नसते.

नागपूरकरांच्या ऐश्वर्याचा एक स्रोत वऱ्हाड-नागपूरच्या कुणब्याचा सारा, आणि दुसरा बंगालवरील स्वाऱ्या. १७४२ ते १७५१ या दशकात भोसल्यांच्या फौजांनी बंगालची गावे लुटली. बंगालमधील अंगाईगीतांत 'बर्गी' म्हणून ज्यांची भीती आजही घातली जाते ते आमचेच बारगीर होत. १७४२ च्या आश्विनात भोसल्यांचे सेनापती भास्कर राम कोल्हटकर यांनी कटव्याजवळ मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली आणि तिचा खर्च त्याच मुलखातून वसूल केला. त्या काळचा बंगाली कवी गंगाराम याने 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात या फौजांनी स्त्रियांवर केलेले अत्याचार नोंदवून ठेवले आहेत. आणि त्याच्या काव्यात देवी शेवटी मराठ्यांवर कोपते.

वाचकांनी हे दृश्य नीट पाहावे. पूजा मांडणारा शक्तीचा भक्त, लुटलेली स्त्रीही शक्तीचीच भक्त. लुटारूच्या तंबूतही दुर्गा आणि जळणाऱ्या गावातही दुर्गा. तलवार कोणाच्या हाती होती आणि धान्याचे कोठार कोणाच्या ताब्यात गेले, यावरच त्या आश्विनात साऱ्या गोष्टींचा निर्णय झाला. देवीच्या स्त्रीरूपाने एकाही स्त्रीचे रक्षण केले नाही.

वाड्याची पुढील कहाणी याहून बोलकी आहे. १९१५ मध्ये तो दरभंग्याचे महाराज रामेश्वर सिंह यांनी विकत घेतला. म्हणून लगतच्या भागास दरभंगा घाट म्हणतात. हे महाराज नामांकित शाक्त आणि तंत्रसाधक होते. त्यांच्या चितेच्या जागी दरभंग्यात कालीचे मंदिर उभे आहे. सनातनी पुढाऱ्यांच्या भारत धर्म महामंडळाचे ते अध्यक्ष होते आणि त्याच वेळी बिहारमधील सर्वात मोठ्या जमीनदारांपैकी एक होते. त्यांच्या पुत्राच्या काळात जमीनदारी नष्ट करणारा बिहारचा कायदा आला. तो पाटण्याच्या उच्च न्यायालयातून १९५१ मध्ये रद्द करवून घेण्यात हेच घराणे अग्रभागी होते, आणि अखेर पहिल्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन तो कायदा वाचवावा लागला. आदिशक्तीच्या उपासकांनी कुळांच्या श्रमशक्तीवरील आपला हक्क सोडण्यास घटना बदलण्याइतका प्रतिकार केला! आज त्या वाड्यात आलिशान हॉटेल आहे. राजवाड्याच्या सज्जातून परदेशी पाहुणे गंगा पाहतात आणि खाली पायरीवर वर्धेकडची आजी वाटी धरून बसते.

देवी आली कोठून?

आमचे प्रतिपक्षी म्हणतील, हा धनिकांचा दोष झाला; तत्त्वाचा नव्हे. तेव्हा तत्त्वाकडेच वळू.

देवीच्या उत्पत्तीचा सर्वात कसोशीचा शोध ज्यांनी घेतला ते दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गोमंतकातले. तरुणपणी काही काळ काशी हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी गणित शिकविले होते. परंतु देवीचा शोध त्यांनी काशीच्या पोथ्यांत घेतला नाही. पुण्याच्या परिसरातील चव्हाट्यांवर, डोंगरखिंडींत, शेंदूर फासलेल्या तांदळ्यांपुढे ते पायपीट करीत गेले. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की या देवी बहुधा गावकुसाबाहेरच्या, नवरा नसलेल्या, पशुपालक आणि अन्न वेचणाऱ्या टोळ्यांच्या वाटा जेथे मिळत तेथे वसलेल्या आहेत. कोठे देवी म्हसोबाची मारेकरीण आहे, तर कोठे तीच त्याची बायको आहे. दोन समाज झगडले तेव्हा देवांचे युद्ध झाले; दोन समाज मिसळले तेव्हा देवांचे लग्न लागले. त्यापूर्वीच, १९५९ मध्ये, देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी 'लोकायत' या ग्रंथात तंत्राचे मूळ आदिम शेतीच्या विधींत आणि त्या शेतीतील स्त्रीच्या अग्रस्थानात शोधले. बी पेरणारी, रोप जाणणारी, मूल जन्मास घालणारी स्त्री ही त्या समाजाची प्रत्यक्ष उत्पादक शक्ती होती. देवी हे त्या वास्तवाचे चित्र होते.

नांगर आला, पशुधन वाढले, खासगी मालमत्ता आली, वारसाचा प्रश्न आला. एंगल्सने १८८४ मध्ये मांडलेला स्त्रीजातीचा तो जगव्यापी पराभव आमच्या पुराणांत कथारूपाने नोंदलेला आहे. माहूरची रेणुका पाहा. जमदग्नीची आज्ञा, परशुरामाची कुऱ्हाड आणि मातेचे शिर धुळीत. मातेचा वध करणारा पुत्र आज्ञाधारकतेचा आदर्श ठरला आणि वधलेली माता देवी ठरली. काशीतही हेच. मुन्शी घाटापासून दक्षिणेस थोड्याच अंतरावर चौसष्टी घाट आहे. ज्या चौसष्ट योगिनी एके काळी स्वतंत्र, उग्र देवता होत्या, त्यांना काशीखंडाने शिवाच्या हुकमाने दिवोदास राजाविरुद्ध कामगिरीवर निघालेल्या दूती करून टाकले. देवीमाहात्म्यातील महिषासुरमर्दिनीच्या सहस्र हातांचे आम्हाला मोठे कौतुक. परंतु त्रिशूळ शिवाने दिला, चक्र विष्णूने, शंख वरुणाने आणि सिंह हिमालयाने. स्त्रीच्या हाती शस्त्र आले तेही देवांच्या शस्त्रागारातून, देवांचे राज्य परत मिळवून देण्यासाठी. राज्य मिळाल्यावर सिंहासनावर इंद्रच बसला.

परमेश्वराला स्त्रीरूप देणे ही आमची जगावेगळी थोरवी आहे, हा दावाही टिकत नाही. अथेन्स नगरीची रक्षक अथीना ही शस्त्रधारी देवीच होती. आणि त्याच नगरीच्या लोकसभेत एकाही स्त्रीला मत नव्हते.

पूजा म्हणजे साडीचोळी

स्त्रियांची पूजा होते तेथे देवता रमतात, अशा आशयाचा मनुस्मृतीचा श्लोक प्रत्येक महिलादिनी व्यासपीठावरून म्हटला जातो. तो तिसऱ्या अध्यायातला आहे. म्हणणाऱ्यांनी पुढचे दोन-तीन श्लोकही वाचावेत. पूजा कशी करावी हे मनूने तेथेच स्पष्ट केले आहे : सणासमारंभाला दागिने, वस्त्रे आणि भोजन देऊन. मग आठवा अध्याय उघडावा. बायको, मुलगा आणि दास यांना स्वतःचे धन नसते. ते जे मिळवतील ते त्यांच्या मालकाचे, असे तेथे सांगितले आहे. नवव्या अध्यायात स्त्री स्वातंत्र्यास पात्र नाही, हा निर्णय आहे. तिसरा आणि आठवा अध्याय यांत विसंगती मुळीच नाही. धन काढून घ्यावयाचे आणि वस्त्र द्यावयाचे, हा एकच सौदा आहे. डॉ. आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जे जाळले ते या सौद्याचे करारपत्र होते.

हा सौदा जुन्या पोथीत राहिलेला नाही. महाराष्ट्राच्या प्रत्येक तलाठ्याला 'हक्कसोडपत्र' हा शब्द ठाऊक आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि साऱ्या देशाने २००५ मध्ये कायद्याने दिला. तरीही बहिणी सही करतात, जमीन भावांना राहते आणि बहिणीची साडीचोळीने पाठवणी होते. सही न करणारी बहीण माहेर गमावते. सही करणारी 'घरची लक्ष्मी' म्हणून ओवाळली जाते. मनूचा तिसरा अध्याय दिवाणखान्यात, आठवा तलाठ्याच्या दप्तरात.

या संदर्भात काशीचेच एक प्रकरण स्मरणात ठेवण्याजोगे आहे. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडले, त्यात स्त्रीला वारसा आणि घटस्फोटाचा हक्क होता. त्याविरुद्ध रान पेटविणाऱ्यांत काशीचे स्वामी करपात्री आणि त्यांची रामराज्य परिषद आघाडीवर होती. हेच स्वामी श्रीविद्येचे, म्हणजे ललिता त्रिपुरसुंदरीच्या रूपातील परमशक्तीचे अधिकारी उपासक होते; त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिले. विश्वनाथ मंदिरात दलितांचा प्रवेश झाला तेव्हा त्यांनी मीर घाटावर वेगळा विश्वनाथ स्थापन केला. त्यांनी १९५७ मध्ये 'मार्क्सवाद और रामराज्य' हा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्याला राहुल सांकृत्यायन यांनी पुस्तक लिहूनच उत्तर दिले. करपात्रींच्या व्यासंगाबद्दल किंवा त्यांच्या व्यक्तिगत सचोटीबद्दल येथे शंका घ्यावयाची नाही. उलट, ते प्रामाणिक होते म्हणूनच त्यांचे उदाहरण निर्णायक ठरते. विश्वाची जननी म्हणून शक्तीची आयुष्यभर मनोभावे उपासना करणारा विद्वान मुलीला बापाच्या शेतात वाटा देण्यास विरोध करतो आणि त्याला स्वतःच्या वागण्यात कोणताही विरोध जाणवत नाही. कारण उपासनेतील शक्ती आणि शेतातील मुलगी यांचा संबंध त्या दर्शनाने कधी मानलेलाच नव्हता. डॉ. आंबेडकरांना १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला तो या पार्श्वभूमीवर.

अहिल्याबाईंचे सामर्थ्य

मुन्शी घाटाला उत्तरेकडून लागून अहिल्याबाई घाट आहे. अहिल्याबाई होळकर म्हणजे साक्षात देवीचा अंश, असे सांगण्याची आता चढाओढ आहे. इतिहास काय सांगतो? १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव मारले गेले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी परावृत्त केले. दौलतीचा कारभार शिकविला. १७६७ पासून १७९५ पर्यंत तिने राज्य चालविले आणि १७८० मध्ये काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले.

तिच्या सामर्थ्याचे रहस्य खजिना, दप्तर, फौज आणि ती हाताळण्याचे शिक्षण यांत होते. त्या दिवशी ती चितेवर चढली असती तर तिलाही 'शक्ती' म्हटले गेलेच असते. घाटाऐवजी एक सतीशिळा असती आणि तिच्यावरही शेंदूर असता. सप्टेंबर १९८७ मध्ये राजस्थानात देवराळा येथे १८ वर्षांची विधवा जाळली गेली तेव्हा तिचा जयजयकार 'सतीमाता' आणि शक्ती म्हणूनच झाला. शक्तीच्या नावाने स्त्रीला जाळताही येते. राज्यकारभार शिकवून जिवंत ठेवावयाचे तर त्याला पुराण पुरत नाही.

वंदन आणि वेतन

सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती संमत केली. या मागणीचा इतिहास जुना आहे. १९९६ मध्ये विधेयक आले तेव्हा त्याची छाननी करणाऱ्या संयुक्त समितीच्या अध्यक्षा कॉम्रेड गीता मुखर्जी होत्या. २७ वर्षांनंतर कायदा झाला त्याचे नाव ठेवले गेले 'नारी शक्ती वंदन अधिनियम'. कायद्याच्या नावातच वंदन! हक्काला वंदन लागत नाही, अंमलबजावणी लागते. आणि ती मात्र त्याच कायद्याने पुढील जनगणना व मतदारसंघांची फेररचना यांच्यावर सोपविली. वंदन तात्काळ, वाटा यथावकाश.

२०१९ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात असे आढळले. पुरुष ९७ मिनिटे. जवळजवळ पाच तासांची ही श्रमशक्ती कोणत्याही हिशेबवहीत नाही. तिची नोंद फक्त 'अन्नपूर्णा' या पदवीत होते. अंगणवाडी योजना १९७५ मध्ये सुरू झाली. लाखो सेविका देशाची पोरे वाढवितात, पण त्यांना मिळते ते 'मानधन'. पुन्हा एकदा मान, वेतन नव्हे! डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका बेमुदत संपावर गेल्या तेव्हा या शब्दाचा खरा अर्थ रस्त्यावर उघडा पडला.

आणि बीड! अंबाजोगाईची योगेश्वरी ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातून दर वर्षी लाखो मजूर ऊसतोडीला निघतात. नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता'. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हाती. बाईने एक दिवस खाडा केला तर दंड. पाळी, गर्भारपण, आजार, सारे काही खाडाच. २०१९ मध्ये शासकीय समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. देवळातील गर्भगृहाचे सोवळे जपणाऱ्या समाजाला तोडणीच्या हंगामात स्त्रीचे गर्भाशय अडचणीचे वाटते! आणि त्या गर्भगृहात तरी तिला मोकळी वाट कोठे आहे? कोल्हापुरात अंबाबाईच्या गाभाऱ्यात स्त्रीने पाऊल टाकावे यासाठी २०१६ मध्ये आंदोलन करावे लागले.

आपण काय करावे?

येथे आपल्या साथींनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. नवरात्राचे उपवास करणाऱ्या कामगार स्त्रीची टिंगल करण्याची खोड आपल्यातील काहींना आहे. ही टिंगल भौतिकवादाची नव्हे, पुरुषी अहंकाराची निशाणी होय. दिवसभर राबून रात्री मार खाणाऱ्या बाईला अष्टभुजेच्या मूर्तीत क्षणभर आपले हरवलेले रूप दिसते. ते रूप खोटे नाही. त्याचा पत्ता तेवढा चुकीचा दिला गेला आहे. आपले काम मूर्ती फोडण्याचे नसून तो पत्ता दुरुस्त करण्याचे आहे. आणि ज्यांच्या सभेनंतर चहाचे पेले महिला आघाडीच्या कार्यकर्त्याच विसळतात, त्यांनी या विषयावर आधी आपल्या घरी बौद्धिक घ्यावे.

मुन्शी घाटाकडून उत्तरेस निघाले की अहिल्याबाई घाट ओलांडताच शीतला घाट लागतो. शीतला ही देवीच्या रोगाची देवता. मराठीत तर त्या रोगाचे नावच 'देवी'. पिढ्यान्‌पिढ्या मातांनी तिची मनधरणी केली आणि मुले मरत राहिली. मग लस आली, घरोघर फिरून रुग्ण शोधणारे आरोग्य कर्मचारी आले. १९७५ मध्ये भारतातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला, १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. त्यासाठी शीतलेचे एकही देऊळ पाडावे लागले नाही. भीतीचे कारण गेले आणि कोपणारी देवी सौम्य झाली.

स्त्रीच्या दास्याचे कारणही असेच नेमके, मोजता येण्याजोगे आहे. आणि त्यावरचा उपायही घरोघर जाऊनच करावा लागेल. येत्या नवरात्राच्या नऊ दिवसांत प्रत्येक शाखेने आपल्या गावचे सातबारे पाहावेत. किती उताऱ्यांवर स्त्रीचे नाव आहे, किती हक्कसोडपत्रे गेल्या पाच वर्षांत झाली, विधवांची नावे वारसनोंदीतून का गळली, याची यादी करून ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. अंगणवाडी सेविकेच्या वेतनाची आणि ऊसतोड स्त्रीच्या हाती स्वतंत्र मजुरीची मागणी त्याच सभेत मांडावी. मंडपातील प्रवचनकारांनाही अगत्याने निमंत्रण द्यावे. शक्तीविना शिव शव असेल, तर शेताविना शक्ती काय असते, याचे उत्तर त्यांनी त्या सभेत द्यावे.

वर्धेकडच्या आजीने ते उत्तर केव्हाच दिले आहे. शेत तिच्या नावावर असते, तर तिला गंगामाईच्या नावावर करण्याची कोणाची छाती झाली नसती.